धर्मवाट

[दृश्य: कळव्याचा पूल, पहाट. खाडी ओहोटीला लागलेली. ठाण्याच्या बाजूला तुरुंगाची भिंत.]

निवेदन:

ही भिंत मध्यवर्ती कारागृहाची, हे ठाण्यात कोणीही सांगेल. त्याआधी ती किल्ल्याची भिंत होती. पोर्तुगीजांनी १७३० च्या दशकात हा किल्ला बांधायला घेतला. काम पुरं होण्याआधीच, १७३७ मध्ये, तो मराठ्यांच्या हाती गेला. पुढची सदतीस वर्षं त्यावर मराठ्यांचं निशाण होतं.

डिसेंबर १७७४. पोर्तुगीज साष्टी, म्हणजे ठाणं ज्या बेटावर आहे ते बेट, परत घ्यायला येत आहेत अशी खबर मुंबईच्या इंग्रजांना लागली, आणि त्यांच्या आधी आपणच साष्टी घ्यावी असं त्यांनी ठरवलं. जनरल गॉर्डनच्या हाताखाली सुमारे सहाशे गोरे सैनिक, हजारभर देशी शिपाई आणि तोफा ओढणारे खलाशी असं सैन्य निघालं. २० डिसेंबरला तोफा सुरू झाल्या. आठ दिवसांत तटाला खिंडार पडलं. २७ च्या रात्री खंदक बुजवून आत घुसण्याचा प्रयत्न फसला आणि त्यात शंभरेक गोरे मेले किंवा जखमी झाले. २८ ला संध्याकाळी पुन्हा सुलतानढवा झाला. या वेळी हल्लेखोरांचं नुकसान फार झालं नाही. किल्ल्यातली बहुतेक शिबंदी मात्र कापून काढली गेली.

कत्तल झाली की ती धर्मामुळे झाली, असं सहज म्हटलं जातं. ते कितपत खरं, हे या चित्रफितीत तपासायचं आहे. आदल्या रात्रीचे ते शंभर लक्षात ठेवा. कत्तलीचं कारण म्हणून इंग्रज लेखकांनीच सैनिकांचा चवताळलेपणा लिहून ठेवला आहे. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नाही, कारण युरोपातल्या युद्धरीतीत ते बसत होतं.

[दृश्य: जुन्या किल्ल्याच्या वेढ्याचा नकाशा. मोर्चे, खंदक, खिंडार.]

ती रीत अशी. वेढा घालणारा तोफा लावतो. तट शाबूत आहे तोवर आतल्यांनी लढावं, त्यात त्यांचा मान आहे. तटाला माणसं चढून जातील एवढं खिंडार पडलं, की बाहेरचा एकदा विचारतो: शरण येता का? या घडीला किल्लेदाराने कौल मागितला, तर जीव वाचतात, बऱ्याचदा शस्त्रंही राहतात. नाही म्हटलं, तर खिंडारातून चढताना जी माणसं मरतील त्यांचा हिशेब आतल्यांवर. तिथून पुढे कोणाला जीवदान द्यायचं बंधन उरत नाही.

आपल्याकडे याच टप्प्याला एक शब्द होता, धर्मवाट. किल्ला सोडा, तुम्हाला सुखरूप जाऊ देतो. नावात धर्म असला, तरी देणारा आणि घेणारा एका धर्माचे असावेत अशी अट त्यात नव्हती.

[दृश्य: वसईचा किल्ला. तटाची पडकी बाजू, समुद्र.]

ठाण्याच्या कत्तलीच्या पस्तीस वर्षं आधी, खाडीच्या दुसऱ्या टोकाला, वसईला हीच वेळ आली होती. मे १७३९. वेढा महिनोन्‌महिने चाललेला. सुरुंगांनी बुरूज उडाले, खिंडारात चढणारे मराठे परत परत मारले गेले. मराठ्यांचं नुकसान त्यांच्याच हिशेबाने पाच हजारांचं, पोर्तुगिजांच्या हिशेबाने बारा हजारांचं. ठाण्यात शंभर माणसं पडल्यावर जे झालं, ते पाहता वसईत काय व्हायला हवं होतं, याचा अंदाज करा.

झालं उलटं. चिमाजी आप्पाने अटी मान्य केल्या. शिबंदीने शस्त्रांसह, ढोल वाजवत, निशाण फडकवत बाहेर पडावं. माणसं आणि चीजवस्तू गलबतांवर चढवायला आठ दिवस. मागे राहतील त्यांना त्यांचा धर्म पाळायची मुभा. दोन्हीकडचे कैदी सोडायचे. आणि हे पाळलं गेलं.

याला नुसता मोठेपणा म्हणून सोडून देणं आम्हाला पटत नाही. मोठेपणा होताच. पण बाकीचं गणितही बघा. पावसाळा पंधरा दिवसांवर होता. एकदा खाडीत पाऊस कोसळला की मोर्चे, दारूगोळा, रसद, सगळं चिखलात. दुसरं म्हणजे नादिरशहा दिल्लीत येऊन बसला होता आणि बाजीरावाला उत्तरेकडे फौज हवी होती. तिसरं, पोर्तुगिजांना समुद्राची वाट मोकळी होती, म्हणजे त्यांना जायला जागा होती. आणि चौथं, ज्याच्याकडे आम्ही या सगळ्या चित्रफितीत परत परत येणार आहोत: बाहेर पडताना त्यांच्या हातात बंदुका होत्या.

[दृश्य: दिल्ली, चांदणी चौक, सुनहरी मशीद.]

वसईच्या दोनच महिने आधी, २२ मार्च १७३९ ला, दिल्लीत काय झालं ते याच्याशेजारी ठेवा. नादिरशहा मेल्याची आवई उठली, जमावाने त्याचे सैनिक गाठून मारले. सकाळी तो चांदणी चौकातल्या सुनहरी मशिदीत येऊन बसला आणि कत्तलीचा हुकूम दिला. मेलेल्यांचा अंदाज साधारण वीस ते तीस हजार. मारणारा मुसलमान, मेले त्यात मुसलमान आणि हिंदू दोन्ही. दुपारनंतर बादशहा मुहम्मदशहाने गयावया केली, नादिरने थांबा म्हटलं, आणि कत्तल थांबली. हातातली तलवार तिथेच म्यान. त्या काळच्या लोकांना याचंच नवल वाटलं होतं.

आम्हाला यातलं ते थांबणं महत्त्वाचं वाटतं. पिसाळलेली फौज शब्दावर थांबत नाही. जी शब्दावर थांबते ती शब्दावर चालू झालेली असते. कुठल्याही कत्तलीकडे बघताना, कालची असो की पाचशे वर्षांपूर्वीची, पहिला प्रश्न हा: हुकूम होता की ताबा सुटला? दोन्हीत मेलेला माणूस मेलाच. पण जबाबदार कोण, आणि अडवता कुठे आलं असतं, याची उत्तरं वेगळी निघतात.

ताबा सुटल्याचा नमुना आपल्या ओळखीच्या माणसाचा. असईला मराठ्यांशी लढलेला वेल्स्ली, पुढचा वेलिंग्टन. १७९९ च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा रात्रभर लूट चालली. दुसऱ्या दिवशी ताबा त्याच्याकडे आला. त्याने काहींना फासावर लटकवलं, काहींना फटके मारले, आणि गाव थाऱ्यावर आलं. १८१२ मध्ये हाच माणूस स्पेनमध्ये बादाहोस या शहराला वेढा घालून होता. ६ एप्रिलच्या रात्री खिंडारात त्याची माणसं ढिगाने मेली. त्यानंतर जवळजवळ तीन दिवस त्याचे सैनिक शहरात दारू, लूट, बलात्कार आणि खून करत फिरले. शेवटी चौकात फाशीचा खांब उभा केला तेव्हा कुठे ओसरलं. आता नीट बघा. किल्ल्यात शत्रू होते फ्रेंच. ते शरण आले आणि त्यातले बहुतेक जगले. लुटले गेले ते स्पॅनिश रहिवासी, म्हणजे ज्यांना सोडवायला इंग्रज आले होते ते. धर्म सगळ्यांचा ख्रिस्ती.

[दृश्य: गवताच्या गंजी. मोडी पत्राचं पान.]

मग खिंडार नसतानाही गावं का जळतात? याचं एक उत्तर चाऱ्यात आहे. ९ मे १६७४ ला, राज्याभिषेकाच्या महिनाभर आधी, शिवाजी महाराजांनी चिपळूणकडच्या लष्करी अधिकाऱ्यांना एक पत्र पाठवलं. त्याचा मजकूर थोडक्यात असा: पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आताच उधळलात तर पुढे घोडी उपाशी मरतील. मग तुमचे लोक कुणब्याकडचे दाणे, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी आणायला लागतील. ज्या लोकांना आपल्या घरात बसून पोट भरायचं ते म्हणतील, मोगल बरे होते. पत्रात उंदराचाही उल्लेख आहे: रात्री दिवा जळता ठेवलात, तर उंदीर वात पळवेल आणि गवताला आग लागेल. युद्धातल्या क्रौर्याविषयी आमच्या वाचनातलं हे सगळ्यात व्यवहारी पत्र आहे. दयेवर व्याख्यान नाही. वैरण संपली की सैनिक गावात शिरतो, म्हणून वैरण मोजून वापरा, एवढंच.

आणि सत्तर वर्षांनी काय झालं, तेही सांगायला हवं. १७४१ नंतरची दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या बंगालवर होत होत्या. बारगीर हा आपला साधा लष्करी शब्द. सरकारी घोड्यावरचा स्वार. बंगालीत त्याचा बर्गी झाला, आणि बाळाला झोपवताना तिकडे अजून त्या बर्गीचं नाव घेतात. गंगाराम या तिथल्या कवीने त्याच काळात लिहून ठेवलं आहे: पैसे द्या म्हणत फिरणारे स्वार, नाक-कान कापलेली माणसं, बायकांवरचे अत्याचार, पळणाऱ्यांत ब्राह्मण पोथ्या घेऊन आणि सोनार तराजू घेऊन. मारणारे हिंदू, मरणारे बहुतेक हिंदू. त्या फौजेच्या सेनापतीला, भास्कर पंडिताला, बंगालचा नवाब अलीवर्दीखानाने १७४४ मध्ये बोलणीसाठी तंबूत बोलावून मारलं. विश्वासघाताने युद्ध संपलं नाही. स्वाऱ्या आणखी सात वर्षं चालल्या.

फरक कुठे पडला? लूट हाच पगार ठरला. चौथाई वसूल होत नाही, मागून पैसा येत नाही, स्वाराला घोडं जगवायचं आहे. तिथे गावकऱ्याचा धर्म कोण विचारतो. १७९१ मध्ये मराठी फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, हेही त्याच हिशेबातलं. मठाच्या पुनःस्थापनेला पैसे पाठवले टिपू सुलतानाने. त्याच टिपूने मंगळूरकडचे हजारो ख्रिस्ती घरादारासकट श्रीरंगपट्टणला कैदेत नेले होते. एका माणसाच्या खात्यावर दोन्ही नोंदी आहेत, आणि एक दाखवून दुसरी खोडता येत नाही.

[दृश्य: काळा पडदा. फक्त आवाज.]

धर्माचा काहीच संबंध नसतो, असं मात्र म्हणता येणार नाही. धर्म चाळणीचं काम करतो. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कने गोवा घेतला, तेव्हा आपण चार दिवस शहरातले मुसलमान कापत होतो आणि सहा हजार मारले, असं त्याने राजाला स्वतः कळवलं. हिंदू शेतकऱ्यांना हात लावू नका, हाही हुकूम त्याचाच. कोण मरणार ते तिथे धर्मावरून ठरलं. १०९९ मध्ये क्रुसेडरांनी जेरुसलेम घेतलं तेव्हाही तसंच. पण चाळणी दुसऱ्या कशाचीही करता येते. रवांडात १९९४ साली मारणारे आणि मरणारे, दोघेही चर्चमध्ये जाणारे. तिथे चाळणी होती ओळखपत्र. बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात माणसाची जमात त्यावर छापायला सुरुवात केली होती. रस्त्यावर ओंडका आडवा टाकायचा, ओळखपत्र मागायचं, तुत्सी लिहिलं असेल तर कोयता. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं. आसऱ्याला आलेल्यांवर चर्चची इमारत बुलडोझरने पाडायला लावली म्हणून एका पाद्र्याला रवांडासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायाधिकरणाने जन्मठेप दिली.

पानिपतानंतरही चाळणी सरळ चालली नाही. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईनंतर, दुसऱ्या दिवशी, अफगाण छावणीत मराठी कैद्यांची मुंडकी उडाली. मराठ्यांचा तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी मुसलमान होता. कैदेत तोही वाचला नाही. विश्वासरावाच्या प्रेताला अग्नी मिळाला तो शुजाउद्दौल्याने मध्ये पडून मिळवून दिला म्हणून, आणि शुजा लढला होता अब्दालीकडून.

[दृश्य: हिशेबाची वही. बोट ओळीवरून फिरतं.]

आता मोजणी. क्रौर्य वाढवायचं असेल तर ते मोजायला लावा, हे फार जुन्या काळापासून सेनापतींना ठाऊक आहे. १३८७ मध्ये इस्फहानच्या लोकांनी तैमूरचे वसुलीदार मारले. तैमूरने पथकांना मुंडक्यांचा आकडा ठरवून दिला, एकूण सत्तर हजार. ज्या सैनिकांना मारवत नव्हतं त्यांनी मुंडकी विकत घेतली. भाव सुरुवातीला वीस दिनार होता. शेवटी माल इतका झाला की अर्ध्या दिनारलाही गिऱ्हाईक मिळेना. तैमूरच्या वंशजांच्या दरबारी इतिहासकारानेच हे नोंदवलं आहे. इथेही मारणारे आणि मेलेले एकाच धर्माचे.

पाचशे वर्षांनी कांगोत तेच, फक्त शिस्त युरोपी. बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाच्या खासगी वसाहतीत रबर गोळा करून न देणाऱ्या गावांवर सैनिक सोडले जात. काडतूस महाग, सैनिक ते शिकारीवर उडवतील ही साहेबांची धास्ती. म्हणून नियम आला: उडवलेल्या प्रत्येक काडतुसामागे मेलेल्या माणसाचा उजवा हात आणून दाखवायचा. मग शिकारीवर काडतूस गेलंच, तर हिशेब जुळवायला जिवंत माणसांचे हात तोडले गेले. कोणी राक्षस जन्माला आला नव्हता. वहीतले दोन रकाने जुळत नव्हते.

मात्र जुने आकडे वाचताना सावध राहायला हवं. मंगोलांनी मर्व शहरात तेरा लाख माणसं मारली असं इराणी इतिहासकार जुवैनी लिहितो. त्या शहरात तेवढी माणसं मावतील का, हा साधा प्रश्न आहे. जिंकणारा दहशतीसाठी फुगवतो, हरणारा आक्रोशासाठी. चोळांनी ब्राह्मण, बायका, मुलं मारली असं १००७ चा होट्टूरचा शिलालेख सांगतो, पण तो कोरवला चोळांचा शत्रू असलेल्या चालुक्यांनी. स्वतःच्या विजयाचा आकडा पश्चात्तापाने लिहिणारा अशोक विरळाच: कलिंगात एक लाख मारले, दीड लाख पकडून नेले, आणि त्याच्या कितीतरी पट मेले. आपल्या सोपाऱ्याला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या लेखाचा तुकडा सापडला. तो आठव्या लेखाचा. पुढे नवव्याचाही मिळाला. कलिंगयुद्धाचे हे आकडे ज्यात आहेत तो तेरावा लेख इथे मिळालेला नाही. आणि खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड इथे, अशोकाने तेरावा लेख गाळला आहे.

[दृश्य: ठाणे-बेलापूर रस्ता. कारखान्यांच्या चिमण्या, टँकर.]

मारणारा आणि मरणारा यांच्यातल्या अंतराविषयी दोन शब्द. पाण्याच्या टाकीत टाकायला लागतो तो क्लोरीन, सिलिंडरमधून या रस्त्यावरून जात-येत असतो. हवेपेक्षा तो अडीच पट जड. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममध्ये ईप्रजवळ जर्मनांनी ५,७३० सिलिंडरच्या तोट्या उघडल्या आणि दीडशे टनांहून जास्त क्लोरीन वाऱ्यावर सोडला. जड असल्यामुळे तो खंदकात उतरला. जे आडवे पडले ते आधी मेले. चार दिवसांनी तिथेच लाहोर डिव्हिजनचे हिंदी सैनिक हल्ल्यात उतरले, तोंडाला ओली फडकी बांधून. सप्टेंबरमध्ये इंग्रजांनी लूस इथे तोच प्रयोग केला, वारा फिरला आणि वायू काही ठिकाणी त्यांच्याच खंदकात आला. पुढे इटलीने इथिओपियात मस्टर्ड वायू टाकला, ख्रिस्ती देशाने ख्रिस्ती देशावर. इराकने १९८८ मध्ये हलबजात कुर्दांवर, मुसलमानांनी मुसलमानांवर. तोटी उघडणाऱ्याला समोरचा चेहरा दिसत नाही, मुंडकं विकत घ्यावं लागत नाही. ९ मार्च १९४५ च्या रात्री टोकियोवर आगीचे बॉम्ब पडले, सकाळपर्यंत लाखाच्या आसपास माणसं जळाली. विमानातले बहुतेक जण परतल्यावर जेवले असतील.

[दृश्य: हेगच्या नियमांचं जुनं पान.]

खिंडाराची रीत कागदावर मोडली ती १८९९ मध्ये. हेगच्या नियमांत २३ वं कलम म्हणतं, कोणालाही जीवदान देणार नाही असं जाहीर करायला बंदी. २८ वं म्हणतं, हल्ला करून घेतलेलं असलं तरी शहर लुटायला बंदी. 'हल्ला करून घेतलेलं असलं तरी', या शब्दांत ठाणंही येतं आणि बादाहोसही. उपाशी मारण्याविषयी मात्र कायदा मुका राहिला. लेनिनग्राडला ८७२ दिवस वेढा होता. नोव्हेंबर १९४१ मध्ये काम न करणाऱ्याला दिवसाला १२५ ग्रॅम पाव, तोही भेसळीचा. शरणागती आली तरी घ्यायची नाही असं हिटलरचं धोरण होतं. म्हणजे धर्मवाटच बंद. लाखो माणसं भुकेने मेली. १९४८ मध्ये त्या वेढ्याच्या सेनापतीवर खटला चालला, तेव्हा न्यायाधीशांना लिहावं लागलं, कायदा वेगळा असता तर बरं झालं असतं, पण आहे तो असा आहे. नागरिकांना उपाशी मारण्यावर स्पष्ट बंदी यायला १९७७ उजाडलं. त्या वर्षी जिनीव्हा करारांना जोडलेल्या पूरक करारावर भारताने अजून सही केलेली नाही. १९४९ च्या जिनीव्हा करारांवर केली आहे, आणि १९६० पासून आपल्याकडे तसा कायदाही आहे.

[दृश्य: वसईचा सागरी दरवाजा, मग हळूहळू पडदा पांढरा.]

आता वसईच्या त्या चौथ्या मुद्द्याकडे. जुलै १९९५, बोस्नियातलं स्रेब्रेनित्सा. संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेलं सुरक्षित क्षेत्र. त्यासाठी झालेल्या करारात आतल्या मुस्लिमांनी बरीचशी शस्त्रं जमा केली होती. सर्ब फौज आत आली तेव्हा बाहेर नेण्याची तयारी दाखवली गेली, बसगाड्या आल्या. वरवर पाहता वसईसारखंच. पण पोतोचारी गावात बसपाशी पुरुष आणि मुलगे वेगळे काढले गेले. ओळखपत्रं आणि सामान काढून घेऊन ढीग लावला. ज्याला चौकशीसाठी नेतात त्याचं ओळखपत्र कोणी काढून घेत नाही. तो ढीग पाहून काय होणार ते कळायला हवं होतं, असं आज म्हटलं जातं. आठ हजारांहून अधिक जण मारले गेले. नंतर यंत्रं आणून खड्डे पुन्हा उकरले आणि प्रेतं दुसरीकडे नेऊन पुरली, त्यामुळे एकाच माणसाची हाडं दोन-तीन जागी सापडली. डीएनए जुळवून नावं लावायचं काम तीस वर्षांनीही संपलेलं नाही. दरवर्षी ११ जुलैला, त्या वर्षी ओळख पटलेल्यांना पोतोचारीत पुरतात. काही घरचे लोक थांबतात. आणखी एखादं हाड मिळालं तर मग पुरू म्हणतात.

[दृश्य: कळव्याचा पूल, संध्याकाळ. भरती. तुरुंगाच्या भिंतीवरचे दिवे लागतात. आवाज नाही.]